चंपाच्या गाण्याचं माप

दिवाळी होऊन गेली की प्रेमा मेस्तच्या दुकानात दुपारची गिऱ्हाइकं तुरळक असतात. चारकोपच्या मार्केटातलं तिचं दुकान तसं लहानच. बाहेर मॅक्स्या आणि परकर टांगलेले, आत भिंतीला खोक्यांची चळत, आणि मागच्या कोपऱ्यात पडदा लावून केलेली ट्रायलची जागा. आसपासच्या सेक्टरांतल्या आया आणि त्यांच्या लेकी दोघीही ब्रा घ्यायला तिच्याकडेच येतात, कारण प्रेमा माप घेतल्याशिवाय ब्रा देत नाही. 'मला माझा नंबर माहीत आहे' असं कुणी म्हटलं तरी ती गळ्यातली टेप काढतेच.

त्या दुपारी ती आणि तिची मुलगी अक्षता नवीन माल लावत होत्या. दारात एक बाई येऊन उभी राहिली. केस पांढरे, कापलेले, हातात दोन मोठ्या पिशव्या. तिने मॅक्स्यांकडे पाहिलं नाही. सरळ प्रेमाकडे बघत म्हणाली, "स्ट्रॅपलेस आहे का गं, प्रेमा?"

चेहरा प्रेमाने ओळखला नाही. पण तसा आवाज तिने आयुष्यात दुसऱ्या कुणाचा ऐकला नव्हता. जरासा घोगरा, शेवटचा शब्द लांबवणारा.

"चंपा?" ती म्हणाली, आणि हातातलं खोकं अक्षताच्या हातात देऊन काउंटरबाहेर आली.

दोघी एकमेकींना धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. अक्षता खोकं हातात धरून बघतच राहिली. आईने इतक्या वर्षांत चंपाचं नाव शेकडो वेळा घेतलं होतं, पण ती खरोखर कधी दारात येईल असं तिला वाटलं नव्हतं.

प्रेमा आणि चंपा ऐन विशीत असताना चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये शेजारशेजारच्या मशीनवर बसायच्या. प्रेमाचे वडील धाकू मूळचे मालवणकडचे, गिरणीत कामाला. संपानंतर गिरणी सुटली, लालबागची खोली सुटली, आणि घरदार चारकोपला आलं. तेव्हा इथे नुसती मोकळी जागा, वाऱ्यावर खाडीचा वास आणि अर्धी बांधलेली घरं. प्रेमा दहावी झाली आणि इस्टेटीतल्या एका गाळ्यात शिवणकामाला लागली. तिथे परदेशी पाठवायच्या ब्रा शिवल्या जात, त्यातही जास्त करून बिनपट्ट्यांच्या.

प्रेमाने तोवर तसली वस्तू पाहिलीही नव्हती. घरी आई ब्राला 'बॉडी' म्हणायची आणि वाळत घालताना तिच्यावर टॉवेल पसरायची. गाळ्यात नापास झालेला माल कधीकधी मुलींना मिळे. प्रेमाने असाच एक तुकडा घरी आणला, धुतला आणि दोरीवर घातला. आईने तो दोन बोटांनी उचलला.

"ह्यां काय गो? हेचे पट्टे खंय गेले?"

"पट्टे नसतातच आई. तशीच असते."

"मगे ऱ्हवता कशी?"

राहते कशी हे प्रेमाला पुढे उत्तराबाईंनी शिकवलं.

उत्तराबाई म्हणजे गाळ्यातल्या सँपल मास्टर. अकोल्याकडच्या, बुटक्या, चेहरा कायम आंबट. नमुन्याचा पहिला तुकडा त्या शिवायच्या आणि तो जिवंत माणसाच्या अंगावर बघायचा असे. परदेशी गिऱ्हाइकाला हवं होतं त्या मापाची एकच मुलगी गाळ्यात होती, ती प्रेमा. म्हणून आठवड्यातून एकदा मशीन सोडून तिला सँपल रूममध्ये जावं लागे. सुरुवातीला ती लाजेने चूर व्हायची. उत्तराबाई मान वर न करता टाचण्या लावत बसायच्या आणि म्हणायच्या, "सरळ उभी राहा. मी कापड बघतेय, तुला नाही."

हळूहळू लाज गेली. खिडकीतून येणारं ऊन, खडूचा वास, उत्तराबाईंची थंड बोटं, आणि बाहेर मशीनच्या घरघरीवर चढवलेला चंपाचा आवाज, हे सगळं प्रेमाला आजही जसंच्या तसं आठवतं. चंपा सारखी गायची. तिच्या वडिलांची गायन पार्टी होती. भीमगीतं गायला ते वस्त्यावस्त्यांतून फिरायचे आणि चंपा सात-आठ वर्षांची असल्यापासून त्यांच्या मागे कोरसमध्ये उभी राहायची. गर्दीची भीती तिला माहीतच नव्हती.

पुढे तिला चंद्रप्रकाशने आपल्या ऑर्केस्ट्रात घेतलं. तो बोरिवलीचा, अकॉर्डियन वाजवायचा, आणि गणपती-नवरात्रात उपनगरभर त्याचे कार्यक्रम असायचे. हिंदी सिनेमातलं क्लबमधलं एक गाणं चंपाने म्हणावं असं त्याने ठरवलं आणि त्यासाठी उघड्या खांद्यांचा एक लाल सॅटिनचा फ्रॉक शिवून घेतला.

"आत काय घालू गं?" चंपाने विचारलं.

"आपल्याकडे काय कमी आहे का?" प्रेमा म्हणाली, आणि नापास मालातली एक दिली.

गाळ्यातल्या सगळ्या मुली कार्यक्रमाला गेल्या होत्या. बोरिवलीच्या एका मैदानात मंडप होता. चंपा लाल फ्रॉकमध्ये आली तेव्हा पहिल्या रांगेतल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. दुसरी ओळ गाईपर्यंत प्रेमाच्या लक्षात आलं की काहीतरी बिघडलंय. चंपाने डावं कोपर बरगडीशी घट्ट दाबून धरलं होतं. दिलेली ब्रा तिला मोठी होत होती आणि प्रत्येक श्वासाला खाली सरकत होती. आख्खं गाणं तिने त्या एका कोपरावर तोलून धरलं. लोकांना वाटलं, ही तिची स्टाइल. पोरंही बसल्या जागी तसंच कोपर दाबून नाचायला लागली.

स्टेजमागे आल्यावर चंपा आधी खूप हसली आणि मग रडली. "सगळं लक्ष तिकडेच होतं यार," ती म्हणाली. "मी गायले काय, मला कळलंच नाही."

उत्तराबाईंच्या कानावर गोष्ट गेली. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी चंपाला आत बोलावलं, माप घेतलं आणि प्रेमाकडे बघून म्हणाल्या, "पट्टे नाहीत म्हटल्यावर सगळा भार खालच्या पट्टीवर येतो. ती अंगाला धरली पाहिजे. कप कितीही देखणे असू देत, पट्टी सैल असली की वाट लागली." पुढचे काही दिवस सगळ्यांची सुट्टी झाली की त्या एकट्या थांबायच्या. बाजूला काड्या घातलेली, आतून काठाला रबराची बारीक रेघ लावलेली एक ब्रा त्यांनी फक्त चंपासाठी शिवली.

नवरात्रात चंपाने तेच गाणं म्हटलं. कडव्याच्या शेवटी तिने मान मागे टाकली, दोन्ही हात वर केले आणि सूर सोडला. प्रेमा स्टेजच्या बाजूला, स्पीकरच्या मागे उभी होती. आपण शिवतो त्या वस्तूने कुणाला एवढं मोकळं होता येतं, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

ते दिवस फार टिकले नाहीत. मालकाने गाळा बंद करून काम वापीकडे नेलं. उत्तराबाई मुलाकडे नागपूरला गेल्या आणि काही वर्षांनी तिकडेच वारल्या. चंपाचं लग्न होऊन ती मुलुंडला गेली. चारकोपहून मुलुंड म्हणजे तेव्हा वेगळ्या गावासारखंच वाटायचं. एकदोनदा भेटी झाल्या, मग मुलं झाली, घरं बदलली, फोन नंबर बदलले. प्रेमाने पिशवीत माल घेऊन घरोघर विकायला सुरुवात केली. बायका दार लोटून घेऊन, खालच्या आवाजात आपल्या अडचणी सांगायच्या. त्यातूनच पुढे हे दुकान उभं राहिलं.

"आणि तुझं गाणं?" प्रेमाने आता विचारलं. अक्षताने चहा मागवला होता. चंपा स्टुलावर बसली होती.

"कुठलं गाणं. सासरी कुणी नको म्हटलं नाही. कुणी म्हण असंही म्हटलं नाही. मग राहूनच गेलं." तिने चहाचा घोट घेतला. "हे गेले तीन वर्षांपूर्वी. आता मी, मुलगा प्रबुद्ध आणि सून. आणि गेल्या महिन्यात चंद्रप्रकाशचा फोन. म्हातारा झालाय गं, पण हौस तीच. जुना ऑर्केस्ट्रा पुन्हा एकदा स्टेजवर आणायचा म्हणतोय. बोरिवलीला हॉल घेतलाय. मला तीन गाणी दिलीत."

"तेसुद्धा?"

"तेसुद्धा."

तिने पिशव्या उघडून काउंटरवर कपडे मांडले. भावगीतासाठी जांभळी साडी, तिच्या ब्लाउजचे खांदे आणि पाठ जाळीची. ड्युएटसाठी खांद्यावरून उतरलेला घेरदार कुर्ता. आणि तिसरा, गडद निळा सॅटिनचा लांब गाऊन, छातीपाशी सरळ कापलेला, खांदे पूर्ण उघडे.

"सुनेने निवडला," चंपा म्हणाली. "मी म्हटलं, या वयात? तर म्हणते, आई, तुम्ही नाही घालणार तर कोण घालणार? आणि प्रबुद्धने शोधून काढलं की चारकोपला अक्षता लेडीज वेअर म्हणून दुकान आहे, मालकीण प्रेमा मेस्त. दुकानाचा बोर्ड मोबाइलवर दाखवला मला. बोर्डाखाली तू उभी."

प्रेमाने वळून एक खोकं काढलं, त्यातली एक काळी स्ट्रॅपलेस चंपाच्या हातात दिली आणि म्हणाली, "आधी ही बघ. गाऊनखाली हीच लागेल."

चंपा पडद्याआड गेली. मग आतून आवाज आला, "प्रेमा, ही होत नाहीये गं. हूक भेटतच नाहीत."

प्रेमा आत गेली. चंपा पाठमोरी उभी होती. हातात पट्टीची दोन टोकं, मध्ये वीतभर अंतर.

"कुणाचं माप दिलंस हे?" चंपाने विचारलं.

प्रेमा तिच्या पाठीकडे बघत राहिली. कुठल्याही गिऱ्हाइकाला जे तिने कधी केलं नव्हतं ते आज झालं होतं. तिने टेप काढलीच नव्हती. हात आपोआप त्या जुन्या नंबरकडे गेला होता.

"तुझंच," ती म्हणाली. "सँपल रूममधलं."

चंपा वळली. ती हसली, पण डोळे भरले होते. "ती पोरगी गेली गं बाई कधीच. आता मी आहे. माझं माप घे."

प्रेमाने टेप काढली. चंपाचं अंग रुंदावलं होतं, छाती उतरली होती, एक खांदा दुसऱ्यापेक्षा किंचित खाली होता, आणि पोटावर जुन्या ऑपरेशनची रेघ होती. चंपाने आपणहून सांगितलं, कधी झालं, कोण जवळ होतं. प्रेमा ऐकत ऐकत मापं घेत राहिली.

"लाज वाटत होती येताना," चंपा म्हणाली.

"माझी?"

"तुझी नाही. आरशाची."

मग खरी निवड सुरू झाली. चंपाला वाटत होतं, एक चांगली घ्यावी आणि तिन्ही कपड्यांना चालवावी. प्रेमाने ते खोडून काढलं. गाऊनला कमरेपर्यंत येणारी लांब ब्रा हवी, कारण सॅटिन जड आणि वर धरायला काही नाही. पण तीच साडीत घातली तर ब्लाउजखाली पोटावर काठ दिसणार. जाळीच्या ब्लाउजला अंगाच्या रंगाची, शिवण नसलेली, वरून गुळगुळीत. कुर्ता तर इतका घेरदार की त्याला साधी रुंद पट्टीची, डोक्यातून घालायची पुरे.

"त्या चिकटवायच्या वाट्या मिळतात ना?" चंपाने विचारलं. "सून म्हणत होती."

"मिळतात. पण तुला घाम किती यायचा आठवतं? स्टेजच्या लाइटात त्या कधी सुटतील नेम नाही."

साडीची आणि कुर्त्याची लगेच ठरली. गाऊनची लांब ब्रा प्रेमाने घट्ट हूकवर लावली. चंपाला वाकायला लावलं, वळायला लावलं, जागच्या जागी दोन उड्या मारायला लावल्या. ब्रा तसूभर हलली नाही. वर निळा गाऊन चढवला तर त्याला एक चुणी नव्हती. पडदा बाजूला करून अक्षतानेही पाहिलं. "झकास दिसताय मावशी," ती म्हणाली.

चंपाने आरशात स्वतःकडे पाहिलं. "आता गाऊन बघू का?"

"घातलायस की गाऊन," प्रेमा म्हणाली.

"अगं, गाऊन बघू का म्हणतेय. गाणं."

तिघीही हसल्या. मग चंपाने डोळे मिटले आणि त्या जुन्या गाण्याचा मुखडा धरला. सुरुवात छान झाली, पण सूर लांबवायची जागा आली आणि मध्येच तुटला. तिने पुन्हा धरला, पुन्हा तुटला. ती बरगडीवर हात ठेवून उभी राहिली. "श्वास आत जात नाहीये."

प्रेमाने एक हूक सैल केला. श्वास गेला, पण ओळ संपेपर्यंत ब्रा खाली उतरायला लागली. चंपाचा चेहरा पडला. "राहू दे गं. मी गाऊन नाही घालत. साडीतच तिन्ही म्हणते."

प्रेमा बाहेर आली, खोक्यांसमोर उभी राहिली. आजवर तिच्याकडे नवऱ्या आल्या होत्या, कॉलेजच्या मुली आल्या होत्या. त्यांना उभं राहायचं असतं, नाचायचं असतं, फोटो काढायचे असतात. गाणारी कुणी आली नव्हती. लग्नातल्या गाऊनला पट्टी जितकी घट्ट तितकी बरी. इथे तीच घट्ट पट्टी चंपाचा सूर अडवत होती.

ती परत आत गेली आणि टेप चंपाच्या छातीखालून फिरवली. "आता श्वास घे. गायला घेतेस तसा. पूर्ण भर आणि धर."

चंपाने श्वास भरला. टेप प्रेमाच्या बोटांतून सरकली, आणि ती जिथे थांबली तो आकडा प्रेमाने धरला. "आता सोडत सोडत गा."

त्या वेळी दुकानात एक बाई मुलीला घेऊन आली होती. पडद्यामागून येणारा सूर ऐकून ती थबकली. "आत काय चाललंय?" तिने विचारलं.

"ट्रायल," अक्षता म्हणाली.

प्रेमाला हवी तशी त्या दिवशी दुकानात नव्हती. दोन दिवसांनी तिने घाऊक बाजारातून एक आणली, लांब, पण बाजूंना रुंद लवचीक कापड असलेली. तिच्या काड्या तिने उसवून थोड्या मागे घेतल्या, पट्टी चंपाच्या भरल्या श्वासाला बेताची केली आणि पकड कमरेपाशी ठेवली. घरच्या मशीनवर स्वतः बसून. चंपा मुलुंडहून पुन्हा आली, पडद्याआड उभी राहून आख्खं गाणं गायली. यावेळी सूर तुटला नाही, आणि ब्रा जागची हलली नाही. तिने प्रेमाचा हात घट्ट धरून ठेवला.

कार्यक्रम रविवारी संध्याकाळी होता. हॉल बऱ्यापैकी भरला होता. जास्त करून पन्नाशी-साठीची माणसं, कुणी काठी घेऊन आलेली, कुणी नातवंडांना घेऊन. चंद्रप्रकाश पांढरा कोट घालून व्हीलचेअरवरून स्टेजवर आला आणि अकॉर्डियन मांडीवर घेतलं तेव्हा सगळे उभे राहिले. प्रेमा मेकअपच्या खोलीत होती, कपडे बदलायला मदत करायला. साडी झाली, कुर्ता झाला. कुर्त्याच्या वेळी चंपा गाण्याचे शब्द पुटपुटत होती, गाऊनच्या वेळी मात्र नाही.

तिसरं गाणं प्रेमाने विंगेतून ऐकलं. चंपाचा आवाज पूर्वीचा राहिला नव्हता. वरच्या जागा तिने खाली घेतल्या होत्या. दुसऱ्या कडव्यात ती एक ओळ विसरली. चंद्रप्रकाशने तिच्याकडे न बघताच अकॉर्डियनवर तो तुकडा वाजवून काढला, आणि ती पुढच्या ओळीत शिरली. एवढ्या वेळात तिने गाऊनला एकदाही हात लावला नाही. पहिल्या रांगेत बसलेल्या प्रबुद्धने फोन वर धरला होता, आणि थोड्या वेळाने रेकॉर्डिंग विसरून तो खाली ठेवून दिला. आपली आई अशी गाते हे त्याला ठाऊक नव्हतं.

प्रेमाला उत्तराबाईंची फार आठवण आली. गाळ्यातली ती खिडकी, टाचण्यांची वाटी, डोळ्यांसमोरून हलेना. त्या इस्टेटीत आता कुठल्या गाळ्यात काय चालतं हेही तिला माहीत नाही. ती कितीदा त्या रस्त्याने गेली असेल, पण आत कधी वळली नव्हती.

खोलीत परत आल्यावर चंपा आरशासमोर बसली. प्रेमाने मागचे हूक काढले. पट्टीचा लाल वळ उठला होता. चंपाने मोठा श्वास सोडला.

"एक ओळ खाल्ली मी," ती म्हणाली.

"मला कळलं. बाकी कुणाला नाही."

"चंद्रप्रकाशला कळलं. तो म्हणतोय, दर मंगळवारी घरी ये, बसू या. पुन्हा कार्यक्रम करायचा का बघू." ती थांबली. "जाऊ का गं?"

"मला काय विचारतेस? तुला जायचंय का?"

पाठीवरचा वळ चोळत चंपा आरशात बघत बसली. बाहेर हॉलमधल्या खुर्च्या सरकल्याचे आवाज येत होते.

ती गेली. आता दर मंगळवारी सकाळी ती मुलुंडहून निघते, बोरिवलीला चंद्रप्रकाशकडे दुपारपर्यंत गाते आणि परतताना चारकोपला उतरते. दुकानातलं स्टूल तिचं झालंय. चहा होतो, जुन्या मुलींची नावं निघतात, कोण कुठे आहे, कोण राहिली नाही. गिऱ्हाईक आलं तर चंपा उत्साहाने खोकी काढून दाखवते आणि दर वेळी चुकीचा नंबर काढते. प्रेमा तो परत ठेवते आणि गळ्यातली टेप काढते.